सोसायटीत पाच जणांना डेंग्यू, महापालिकेच्या यादीत एकच. असं कसं?

धायरी_सचिव
नमस्कार. धायरीत आमची ६४ फ्लॅटची सोसायटी आहे, यंदा सचिवपद माझ्याकडे आलंय. गेल्या तीन आठवड्यांत पाच जण तापाने झोपले. त्यात माझा मुलगाही, अकरावीत आहे. तिसऱ्या दिवशी जवळच्या एका दवाखान्यात रक्त घेतलं आणि वीस मिनिटांत पट्टीवरच्या दोन रेघा दाखवून ‘एनएस-वन पॉझिटिव्ह’ म्हणून सांगितलं. प्लेटलेट ६८ हजारांवर आल्या तेव्हा तीन रात्री आम्ही दोघं आळीपाळीने जागलो. आता बरा आहे.

काल महापालिकेची माणसं आली ती एकच नाव घेऊन. बी विंगमधल्या आजोबांचं, ते सरकारी रुग्णालयात होते. बाकी चौघांचे रिपोर्ट मी पुढे केले तर म्हणाले, "हे आमच्या यादीत नाहीत." रविवारी सभा आहे, सगळे मलाच विचारणार. डास मारायच्या धुराची मागणी करू का? आणि सी विंगमध्ये एक मुलगी चार महिन्यांची गरोदर आहे. २०२४ मध्ये पुण्यात आलेला झिका, तोही डासांतूनच पसरणारा आणि पोटातल्या बाळाला धोक्याचा, कुणी विसरलेलं नाही. तिच्या सासूबाई रोज माझ्या दारात येतात.

निवृत्त_कीटकसमाहारक
ताई, मुलगा उठला हे वाचून बरं वाटलं. बत्तीस वर्षं डास-अळ्या शोधण्याचंच काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या मुलाची झाली ती रॅपिड टेस्ट, म्हणजे पट्टीवरची झटपट तपासणी. सरकारी हिशेबात तिच्यावर रुग्ण ‘संभाव्य’च राहतो. ‘निश्चित’ म्हणून मोजायला एलायझा ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते. पहिल्या पाच दिवसांत एनएस-वन एलायझा, ती विषाणूचं प्रथिन शोधते; त्यानंतर आयजीएम, ती शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. हे आयजीएमचे किट आपल्या पुण्यातच, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तयार होतात आणि देशभरच्या ठरलेल्या रुग्णालयांना जातात. आजोबांचं रक्त अशा ठिकाणी गेलं, म्हणून ते यादीत आले. पण संभाव्य रुग्णही कळवायचा असतो. खासगी दवाखान्याने कळवलं असतं तर माणसं आठवडाभर आधी तुमच्या दारात दिसली असती. रिपोर्ट दवाखान्याच्या फाइलमध्ये पडून राहिला की वॉर्डातल्या माणसाला तुमची इमारत दिसतच नाही. याचं मला फार वाईट वाटतं, कारण डास त्या आठवड्यात थांबत नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

तपासणी किती कामाची असते ते बेलसरवरून बघा. आपलंच, पुरंदर तालुक्यातलं गाव. जुलै २०२१ मध्ये तिथे तापाचे रुग्ण वाढले. आधी पाच नमुने पाठवले, त्यात तीन चिकुनगुन्या निघाले. मग संस्थेचं पथक गावात उतरलं, ४१ नमुने घेतले. २५ चिकुनगुन्या, ३ डेंग्यू आणि एका बाईंना झिका. महाराष्ट्रातला तो पहिला झिका. ‘चिकुनगुन्याची साथ आहे’ म्हणून पाच नमुन्यांवर थांबले असते तर त्या बाईंचं निदान कधीच झालं नसतं. तापाचं दुखणं तिन्हींत सारखंच दिसतं.

आता एक करा. चौघांचे रिपोर्ट परत वाचा. रॅपिड की एलायझा ते बघा, आणि वर पत्ता काय लिहिलाय तेही. पत्ता नक्की बघा.

आयटीवाला_बाणेर
आमच्याकडे दर आठवड्याला धूर करतात. सभेत तेच मागा, लोकांना समाधान मिळतं.

निवृत्त_कीटकसमाहारक
दादा, धुराने उडणारा डास मरतो, तोही धूर लागला तर. पाण्यातली अळी तशीच राहते, चार दिवसांत नवे डास हजर. रुग्ण सापडलेल्या घराभोवती लगेच धूर करणं ठीक. पण सचिवताईंनी आधी बॅटरी घेऊन घरं फिरावीत. फ्रिजच्या मागचा ट्रे बाहेर ओढा. तळाशी बोटभर पाणी असतं, त्यात अळ्या शेपटी वर आणि डोकं खाली करून लटकलेल्या दिसतात. उजेड पडला की वळवळत तळाला जातात, पण थोड्या वेळाने श्वासासाठी वर येतात, म्हणून घाई करायची नाही. ट्रे नुसता ओतू नका, काथ्याने घासा. अंडी कडेला चिकटलेली असतात, ती कोरडी होऊनही महिनोन् महिने टिकतात. किती घरं पाहिली आणि किती भांड्यांत अळी निघाली हे वहीत लिहा. शंभर घरांमागे अळीची भांडी किती, या आकड्यावरूनच आम्ही वस्ती किती धोक्यात आहे ते ठरवायचो.

आरोग्यसेविका_हडपसर
गरोदर मुलीबद्दल मी सांगते. २०२४ च्या जूनमध्ये एरंडवण्यात पहिला झिका रुग्ण सापडला, ते स्वतः डॉक्टर होते. नंतर आम्ही घरोघर जाऊन गरोदर बायकांची नोंद केली, तेव्हा कितीतरी जणींनी भीतीने दार लावून घेतलं होतं. तिला सांगा, ताप नाही तर आज घाबरायचं कारण नाही. ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल, सांधे दुखणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं आणि गरोदर आहे हे आधी सांगायचं. झिकासाठी रक्ताबरोबर लघवीचाही नमुना घेतात, कारण लघवीत विषाणू जास्त दिवस सापडतो. सोनोग्राफीची एकही तारीख चुकवायची नाही, बाळाच्या डोक्याच्या वाढीवर लक्ष ठेवावं लागतं. हा डास दिवसा चावतो, तेव्हा दुपारी झोपतानाही मच्छरदाणी हवी. आणि ज्यांना ताप आहे त्यांनी पॅरासिटामॉलच घ्यायची. ब्रुफेन, ॲस्पिरिन नको, डेंग्यूत रक्तस्राव वाढतो.

धायरी_सचिव
काका, ताई, फार आभार. आज सकाळी चार पोरांना घेऊन तीस घरं झाली. सात ठिकाणी अळ्या: चार फ्रिजचे ट्रे, दोन मनीप्लांटच्या बाटल्या आणि गच्चीवर रंगकामवाल्यांनी सोडलेला एक डबा. डब्यात इतक्या होत्या की पाणी हलताना दिसत होतं.

रिपोर्टही बघितले. तीन रॅपिडच आहेत, माझ्या मुलाचाही. चौथा मात्र एलायझा, पॉझिटिव्ह. तो मुलगा डी विंगमध्ये भाड्याने राहतो, शिकायला आलाय. त्याने आधार कार्ड दिलं होतं, म्हणून रिपोर्टवर पत्ता जालन्याचा. महिनाभर तो पुण्याबाहेर गेलेलाच नाही.

निवृत्त_कीटकसमाहारक
हेच शोधत होतो. तो रुग्ण जालन्याच्या खात्यात पडला असेल. उद्या वॉर्डाच्या आरोग्य निरीक्षकांना चारही रिपोर्टच्या झेरॉक्स द्या आणि प्रत्येकावर सध्याचा राहता पत्ता पेनने लिहा. ताप येण्याआधीचे दहा-बारा दिवस तो दिवसा कुठे बसायचा तेही लिहा, क्लास असो की अभ्यासिका. तिथेही डास असतील. तुमच्या मुलाच्या कॉलेजचंही लिहा. उरलेली ३४ घरं कधी करताय?

धायरी_सचिव
उद्या संध्याकाळी, सभेच्या आधी. डी विंगपासून सुरू करते.