लांब केसांचे राठ शेंडे: तुम्ही काय करता? (अनुभव धागा)

केसगळती, कोंडा, पांढरे केस यांवर पुष्कळ बोलून झालंय. हा धागा फक्त शेंड्यांसाठी. ज्यांची वेणी कमरेपर्यंत पोचते त्यांना लगेच कळेल: मुळाशी केस मऊ, कधी तेलकटसुद्धा, आणि खालची वीतभर लांबी मात्र चरबट.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला जेमतेम १५ सेंटीमीटर. मुळापासून ७५ सेंटीमीटरवरचा शेंडा पाच वर्षांचा जुना असतो. पाच उन्हाळे, पाच वर्षांचं न्हाणं-विंचरणं त्याने सोसलेलं असतं, आणि डोक्याच्या त्वचेतून पाझरणारं तेल तिथवर पोचतच नाही. त्यामुळे शेंड्यांची निगा डोक्याच्या निगेपेक्षा वेगळी धरावी, असं माझं ठाम मत आहे.

माझी पद्धत अशी (पुणे, नळाचं पाणी): शांपू मगभर पाण्यात पातळ करून फक्त डोक्याला लावते. ओघळून खाली येणारा फेस शेंड्यांना पुरतो. कंडिशनर कानाखालच्या लांबीला. मग जुन्या सुती पंच्यात केस दाबून पाणी टिपायचं, चोळायचं अजिबात नाही. केस दमट असतानाच तळहातावर चार थेंब खोबरेल पसरून शेंड्यांवरून हात फिरवायचा. थंडीत खोबरेल थिजतं, तेव्हा वाटी गरम पाण्यात ठेवते, थेट गॅसवर नाही.

तुमच्याकडचं पाणी कसं, हवा कशी आणि खास शेंड्यांसाठी काय करता, तेवढं जरूर लिहा.

मालवणहून

आमची हवा दमट, तरी खारा वारा आणि ऊन आहेच. ओल्या नारळाचं दूध आटवून घरी आवेल, म्हणजे तेल, काढतो. न्हाण्याच्या आदल्या रात्री ते शेंड्यांना चोळून सैल वेणी घालायची. आईने डोक्याला तेल थापण्यापेक्षा शेंड्यांना जिरवण्यावर नेहमी भर दिला.

दुसरं म्हणजे जास्वंदीची पानं. पाण्यात कुस्करली की बुळबुळीत रस सुटतो. शिकेकाईने डोकं धुऊन झालं की तो लांबीला लावून थोडा वेळ ठेवायचा. गुंता हाताने सुटतो. पण रस पातळ फडक्यातून नीट गाळा. पानांचा चोथा केसांत अडकला तर तो काढताना केस तुटतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

लातूरहून

आमच्याकडे सगळा खेळ पाण्याचा आहे. बोअरचं पाणी इतकं जड की नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. साबण फेसाळत नाहीच, उलट त्याचा चिकट साका केसांवर बसतो. लग्न होऊन इथे आले त्या वर्षी केस तेच, तेल तेच, आणि शेंडे मात्र राठ. माहेरी दोन आठवडे राहिलं की हाताला फरक कळायचा.

आता साबण डोक्याला लावतच नाही. शिकेकाईच्या शेंगा रात्री भिजवून सकाळी उकळते आणि गाळून घेते. शिकेकाई थोडी आंबट असते, आणि जड पाण्यात ती साबणासारखा साका धरत नाही. सगळं न्हाणं बोअरच्या पाण्याने, पण शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या गोड पाण्याचे, तेही फक्त वेणीच्या लांबीवर. एक सांगते, आरओच्या वेगळ्या नळीतून जे पाणी वाया जातं ते वापरू नका. त्यात क्षार उलट जास्त असतात. फरशी पुसायला ठीक, केसांना नाही.

पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी धरतो. पहिले दोन-तीन पाऊस जाऊ द्यायचे, पत्रा धुऊन निघाला की मग पिंप लावायचं. त्या दिवसांत शेंड्यांना कंडिशनरसुद्धा लागत नाही. पाणी टंचाईच्या गावात केसांसाठी वेगळं पाणी ही चैन वाटेल, म्हणूनच तांबे मोजून वापरते.

डोंबिवलीहून

लोकलच्या दारात मोकळे केस म्हणजे शेंड्यांचे हाल. वारा तर आहेच, पण खरी झीज पाठीवरच्या सॅकच्या पट्ट्यांखाली केस अडकून घासल्यामुळे होते. घरून निघताना वेणी घालून तिचा अंबाडा, शेंडा आत खोचलेला. बाकी फार काही करत नाही, तेवढ्याने फाटे (दुभंगलेली टोकं) खूप कमी झाले.

वडोदऱ्याहून

मी सौंदर्यप्रसाधनांच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून मालवणच्या ताईंच्या आवेलाबद्दल लिहावंसं वाटलं. तेल म्हणजे ओलावा नव्हे. ओलावा पाण्यातून येतो, तेलामुळे तो सावकाश उडतो. म्हणून दमट केसांवरच्या चार थेंबांना अर्थ आहे. कडकडीत कोरड्या शेंड्यांवर तेल ओतलं तर चमक येते, पण ते आतून कोरडेच राहतात.

न्हाण्याआधीच्या तेलाचं काम वेगळं. केस भिजला की फुगतो, वाळला की आकसतो, आणि दर वेळी थोडी प्रथिनं झिजतात. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्याने ते तेल केसाच्या आत शिरतं आणि हे फुगणं कमी करतं. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने ठळकपणे कमी झाली. कंपनी स्वतः खोबरेल विकते हे ध्यानात ठेवूनच ते वाचावं, पण त्यामागचं रसायनशास्त्र पक्कं आहे.

कंडिशनर शेंड्यांनाच का? केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. शेंड्यांपाशी ते झिजलेले असतात आणि तिथे ऋण भार जास्त असतो. कंडिशनरमधले रेणू धन भाराचे, ते नेमके तिथे जाऊन चिकटतात. मात्र दुभंगलेलं टोक कोणतंही तेल किंवा क्रीम सांधत नाही. सिलिकोनवालं सीरम ते काही काळ चिकटवून ठेवतं, इतकंच. फाटा फुटला की कात्री. न कापता ठेवला तर तो वर चढत जातो.

नागपूरहून

पुरुषांचा अनुभव चालत असेल तर लिहितो. माझे केस खांद्याखाली वीतभर आहेत. आमच्या मे महिन्यात हवेत ओलावाच नसतो. ग्लिसरीन घातलेलं क्रीम मुंबईच्या भावाला मानवतं, मला उन्हाळ्यात नाही. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं म्हणतात, पण हवा भट्टी झाल्यावर ओढणार कुठून? मला तरी शेंडे जास्त कोरडे वाटले. त्या दोन महिन्यांत जवसाचा काढा वापरतो: दोन चमचे जवस पाण्यात उकळायचे, तार धरायला लागली की गरम असतानाच गाळायचे, गार झाल्यावर गाळलं जात नाही. दमट शेंड्यांना तो लावून वरून थोडं तेल. बाहेर पडताना दुपट्टा बांधतो आणि केस आत. हेल्मेटखालीही सुती कापड असतंच.

नाशिकहून

माझी मुलगी आठवीत, दोन वेण्या वर बांधून जाते. रिबिनीच्या गाठीपाशीच तिचे शेंडे तुटायचे. नायलॉनच्या रिबिनीऐवजी मऊ सुती पट्टी शिवून दिली, शाळेच्याच रंगाची. शाळेतून आल्या आल्या वेण्या सोडायच्या हा नियम.

टोरांटोहून

इथे हिवाळ्यात घरात हीटर दिवसरात्र चालू, हवा कोरडीठाक. पण शेंडे खराब होण्याचं मोठं कारण म्हणजे लोकरी कोटाची कॉलर आणि मफलर. केस दिवसभर त्यावर घासतात आणि विजेने उभे राहतात. आजीच्या विरलेल्या रेशमी साडीचा तुकडा मी कॉलरच्या आतून टाचला आहे, आणि त्याच साडीचा उशीचा अभ्रा केला आहे. झोपायच्या खोलीत हवेत वाफ सोडणारं यंत्र ठेवते. ओले केस घेऊन बाहेर तर कधीच जायचं नाही.

ठाण्याहून

भरतनाट्यम शिकते. गंगावन लावताना स्वतःची वेणी त्यात घट्ट आवळली जाते आणि कार्यक्रमानंतर पिना उपसताना शेंडे तुटतात. आमच्या ताईंनी घालून दिलेली सवय: आधी सगळ्या पिना मोजून काढायच्या, मग गंगावन सैल करायचं, आणि स्वतःच्या केसांना तेलाचं बोट लावल्याशिवाय कंगवा घालायचाच नाही. पोहणाऱ्या मैत्रिणीचंही सांगते. ती तलावात उतरण्याआधी साध्या पाण्याने केस पूर्ण भिजवते आणि टोपी घालते. आधीच भिजलेल्या केसात क्लोरिनचं पाणी कमी शिरतं.

धागा काढणारी, पुन्हा पुण्याहून

सगळ्यांचे मनापासून आभार. लातूरच्या ताईंचं आरओबद्दलचं वाचून मी लगेच घरी सांगितलं, आमच्याकडे ते पाणी बादलीत साठवतात. फाटे कापायचे कसे हे कुणी लिहिलं नाही म्हणून विचारते: लांबी न घालवता फाटे काढण्यासाठी काय करता?

सांगलीहून

बारीक बट घेऊन हलका पीळ द्यायचा. फाटे बाहेर डोकावतात, तेवढेच कापायचे. कात्री मात्र केसांसाठीच ठेवलेली, धारदार हवी. कागद कापलेल्या बोथट कात्रीने टोक चेचतं आणि पुन्हा फुटतं.

माझी सासू पडून असते. तिचे पांढरे केस अजून लांब आहेत आणि ते कापलेले तिला नको आहेत. उशीवर घासून शेंड्यांची जट होते. आसपासच्या बऱ्याच जणांनी बारीक कापून टाका म्हणून सांगितलं. आम्ही कापले नाहीत. फवाऱ्याने शेंडे दमट करते, कंडिशनरचं बोट लावते, मोठ्या दातांच्या कंगव्याने खालून चार बोटं सोडवते, मग त्याच्या वर. एका हाताने केस वर धरून ठेवले की मुळाला ओढ बसत नाही. मग दोन सैल वेण्या, दोन्ही खांद्यांवरून पुढे घेतलेल्या, म्हणजे पाठीखाली येत नाहीत. एक दिवसाआड एवढं केलं की जट होत नाही.