हा नुसता तापटपणा नाही
एका ताईंनी लिहिलंय की त्यांचा भाऊ चहा गार झाला म्हणून कप फोडतो आणि तासाभराने स्वतःच रडत बसतो, अगदी माझीच गोष्ट. घरच्यांनी आधी देवळात गाऱ्हाणं घातलं (घालू दे, त्याने काही बिघडत नाही). याला इमोशनल डिसरेग्युलेशन, म्हणजे भावना आवरता न येणं, म्हणतात: भावना पटकन पेटते, जास्त पेटते आणि विझायला वेळ घेते. त्यामागे एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि उतावळेपणा आवरणं अवघड जातं ती अवस्था), जुना मानसिक आघात, बॉर्डरलाइन (भावना आणि नाती सतत अस्थिर राहणारा व्यक्तिमत्त्व विकार) काहीही असू शकतं म्हणून आधी सायकायट्रिस्टला दाखवा, गोव्यात बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहेच. थेरपीला जाताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन आहे का आणि डीबीटी (तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी थेरपी) येते का ते बिनधास्त विचारा. रात्री-अपरात्री भडका उडाला तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे.