तो वरचा नट आधी सोडू नका
गाडी खाली कशी बसवायची हे तू विचारलंस, त्यावर वर एका भावानं लिहिलंय की जॅक लावा, वरचा नट सोडा, ग्राइंडरनं स्प्रिंगचा दीड वेढा कापा, झालं काम. भावा, जरा दमानं. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र असलेला चाकावरचा खांब) स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि तिला धरून ठेवणारा तोच एक नट असतो. स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं हुक-बोल्टचं साधन) न लावता सोडलास तर माउंट, म्हणजे स्ट्रटची वरची बैठक, थेट तोंडावर येईल.

उद्यमनगरात मित्राच्या शेडमध्ये मी एकदा कॉम्प्रेसरचे दोन्ही हुक समोरासमोर न लावता जवळजवळ लावले. स्प्रिंग केळ्यासारखी वाकली, हुक सटकला आणि पत्र्याच्या शटरला पोचा पडला. अजून दाखवतात मला तो! तेव्हापासून दोन्ही बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळतो. स्प्रिंग तिच्या सीटवर (टेकायच्या बैठकीवर) सैल हलायला लागल्याशिवाय नटाला पाना लावत नाही.

नुसत्या जॅकच्या भरवशावर काम नको. सपाट फरशी, मागच्या चाकांना ठोकळे, बॉडीखाली स्टँड. कापण्यापेक्षा तुझ्या मॉडेलची लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणारी तयार स्प्रिंग) घे, ३० मिमी खाली आली तरी पुरे. गॅसनं स्प्रिंग तापवून खाली बसवणाऱ्याच्या तर वाऱ्यालाही उभा राहू नकोस, पोलादाचं पाणीच उतरतं.

लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बोल्ट सोडले असतील तर चाकं टेकून गाडीचं वजन आल्यावरच शेवटचे आवळ, नाहीतर बुश (सांध्यातला रबर) पिळलेला राहून लवकर फाटतो. मग अलाइनमेंट. टो (वरून बघता चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडलेला असतो, टायर खातो.

गाडी कोणती, आणि गल्लीतला स्पीडब्रेकर केवढा, तेवढं लिही.