हुशार, विक्षिप्त की शहाणा? एका सुखात्मिकेतील पात्रांसाठी शब्द हवा आहे

प्रश्न (नौपाडा, ठाणे)
हौशी मंडळासाठी मी दोन अंकी नाटक लिहीत आहे. नायिका नेरूळला राहणारी संख्याशास्त्रज्ञ, नायक ठाण्यातला प्राध्यापक. दोघेही कमालीचे बुद्धिमान, पण मनातले सांगायची वेळ आली की गांगरून जाणारे. ठाणे स्थानकात ती पनवेल लोकलमध्ये चढत असताना 'थांबा ना' म्हणण्याऐवजी तो म्हणतो, "पुढची गाडी घेतलीत तर ऐरोलीनंतर बसायला जागा मिळेल." ती गर्दीचे गणित मांडून ते विधान खोडून काढते आणि त्या वादात तिची गाडी सुटते. अशा माणसांना मराठीत काय म्हणावे? 'भावनिकदृष्ट्या अपरिपक्व' हे डॉक्टरांच्या अहवालातले वाटते. 'भावशून्य', 'घुमा' किंवा 'विक्षिप्त' चालेल का?

उत्तर (नेरूळ)
'भावशून्य' मुळीच नको, कारण भावनाच नसतील तर गाडी सुटण्यात गंमत उरत नाही. घुमा माणूस बोलतच नाही. आपली पात्रे तर अखंड वाद घालतात. 'आतल्या गाठीचा' म्हणाल तर त्यात कावेबाजपणा येतो. 'विक्षिप्त'चा संस्कृतातील अर्थ विखुरलेला, आणि योगसूत्रांवरील व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमींपैकी, म्हणजे अवस्थांपैकी, ती एक आहे. पण आजच्या मराठीत विक्षिप्त माणसाच्या वाऱ्याला कोणी उभे राहत नाही. जिव्हाळ्याने हसायचे असेल तर 'तऱ्हेवाईक' बरा.

तरीही आपल्याला हवा असलेला भेद मराठीत फार पूर्वीपासून आहे: हुशार आणि शहाणा. 'हुशार' फारसीतून आला. त्यात सावधपणा आणि बुद्धीची चलाखी आहे. 'शहाणा' हा 'सज्ञान'चा तद्भव. कायद्यात 'सज्ञान' म्हणजे 18 वर्षे पूर्ण झालेला, आणि जुन्या घरांत 'मुलगी शहाणी झाली' म्हणजे वयात आली. शहाणपणात असे मोठे होणे, जाणते होणे आहे, जे परीक्षेतल्या गुणांनी येत नाही. म्हणून 'हुशार आहे, पण शहाणा नाही' हे वाक्य घरोघरी ऐकू येते आणि ते कोणाला झोंबतही नाही. मी जाहिरातीत लिहीन: 'दोन हुशार माणसे, अजून शहाणी न झालेली.' 'अतिशहाणा' मात्र टाळावा. त्यात टोचणी आहे आणि त्याचा बैल रिकामाच राहतो.

उत्तर (कोपरखैरणे)
'समजते, पण उमजत नाही' हाही पर्याय पाहावा. त्याला तिचे गणित समजते. ती वाद का लांबवते आहे, हे उमजत नाही. प्रकाराचे नाव 'सुखात्मिका'च ठेवावे. 'फार्स' म्हटले की बबन प्रभूंच्या नाटकांतली धावपळ डोळ्यांपुढे येते आणि प्रेक्षक त्याच अपेक्षेने येऊन बसतो.

प्रश्न (नौपाडा, ठाणे)
दोघांचेही मनापासून आभार. दुसऱ्या अंकात नायिकेची आई तिला 'तू शहाणी कधी होणार?' असे विचारते. जुन्या अर्थामुळे ते खटकेल का?

उत्तर (नेरूळ)
एकट्या मुलीला उद्देशून असेल तर वयस्कर प्रेक्षकांना वयात येण्याचा अर्थ आधी आठवू शकेल. नायकालाही तिथे उभे करून 'तुम्ही दोघे शहाणे कधी होणार?' असे विचारू द्यावे. म्हणजे अर्थ निसटणार नाही आणि आईने त्याला जावई धरल्याचेही न सांगता कळेल.