'शख्रायस्त्वो'ला सरसकट 'फ्रॉड' म्हणायचं का?

शब्दखोर: युक्रेनियन कोर्टाची कागदपत्रं इंग्रजीत करते. 'शख्रायस्त्वो' दिसला की 'फ्रॉड' ठोकून मोकळं व्हायचं, ही आमच्या धंद्यातली सवय मला खटकते. युक्रेनच्या २००१ च्या फौजदारी संहितेत कलम १९० पाहा, शख्रायस्त्वो म्हणजे: फसवून किंवा विश्वासाचा गैरफायदा घेऊन दुसऱ्याची मालमत्ता वा तिच्यावरचा हक्क मिळवणं. माल हाती लागला नाही तर तो नुसता प्रयत्न. इंग्लंडच्या २००६ च्या फ्रॉड ॲक्टमध्ये मात्र लबाडीच्या हेतूनं खोटं सांगितलं की गुन्हा पुरा, दमडी मिळो न मिळो. म्हणून मी 'ऑब्टेनिंग प्रॉपर्टी बाय डिसेप्शन' लिहिते.

रात्रपाळी: अहो, तो १९६८ च्या थेफ्ट ॲक्टमधला गुन्हा. २००६ च्या कायद्यानंच तो मोडीत काढला! मेलेलं कलम उकरून वाचकाला काय मिळणार? कागद बँकेतल्या माणसाच्या टेबलावर जातो, त्याला 'फ्रॉड' कळतो. उद्या 'चीटिंग' लिहाल, आपलं ४२० होतं म्हणून. इंग्रज वाचक म्हणेल, पोरानं परीक्षेत कॉपी केली वाटतं.

कोपऱ्यातला: 'अफेरा'चं काय? मूळ फ्रेंच, पण युक्रेनियनमध्ये सरळ घोटाळा. एका मसुद्यात 'जमिनीचं अफेअर' वाचलंय मी. आपलं 'लफडं' बरं, दोन्हीकडे चालतं.

शब्दखोर: @रात्रपाळी, मेलेलं कलम ही चूक मान्य. पण सगळ्याला एकच शब्द लावला की 'ओब्मान' आणि 'ओमाना'सुद्धा एक होतात. ओब्मान म्हणजे कुणीतरी केलेली फसवणूक. ओमानात माणूस आपला आपणही पडतो, त्याला फसवणारा लागतोच असं नाही. आपल्या 'फसगत'सारखं. साक्षीदार म्हणतो "मी ओमानात होतो" आणि भाषांतर म्हणतं "मला फसवलं". म्हणजे न केलेला आरोप तुम्ही त्याच्या तोंडी घातलात.

रात्रपाळी: ओमानाचं पटलं. शख्रायस्त्वोचं नाही. शीर्षकात 'फ्रॉड' लिहा, व्याख्या खाली टीपेत द्या.

शब्दखोर: टीप कोण वाचतं? आरोपपत्रात मी लांबलचकच लिहिणार.

कोपऱ्यातला: शब्दावर पैसे मिळतात वाटतं!

शब्दखोर: मूळ मजकुराच्या शब्दांवर. हीच तर बोंब आहे.