मुलीने ‘फेअरीं’साठी खिडकीत दूध ठेवलं, आयर्लंडात त्यांना खरंच असं बोलावतात का?

धरमपेठची_आई

माझी मुलगी बारावीत आहे. वर्षभरापासून ती विक्काबद्दल, म्हणजे निसर्गपूजेच्या एका नव्या पाश्चात्त्य पंथाबद्दल, वाचते आहे. आमचा कूलर काढून गच्चीवर नेला की खिडकीबाहेरचा कट्टा रिकामा होतो. ३१ ऑक्टोबरच्या रात्री तिनं तिथे वाटीत दूध, चमचाभर मध आणि पारिजातकाची चार फुलं ठेवली. म्हणाली, ‘आई, आज सॉविन आहे, आयर्लंडातला जुना सण. फेअरी येतात. मी त्यांना बोलावलंय.’ सकाळी पाहिलं तर सायीवर मुंग्यांची रांग लागलेली. वाटी सासूबाईंची, काठावर त्यांचं नाव कोरलेलं. मी ती घासली आणि काहीच बोलले नाही.

तिला रागवायचं नाहीये. ती मनापासून करते, हे मला दिसतं. मी अडकले ती ‘बोलावलंय’ या शब्दावर.

माझी आजी काटोलकडची. संत्र्याच्या बागेत विहीर होती आणि थारोळ्याजवळ शेंदूर लावलेले सात दगड, सात आसरा. आजी तिथे दहीभात आणि हिरव्या बांगड्या ठेवायची. एकदा मी त्यांची नावं विचारली तर तिनं माझ्या तोंडावर हातच ठेवला. कांदा चिरलेला हात, तो वास अजून आठवतो. ‘नाव नको घेऊ वं त्याईचं. जेवू घालाचं, अन् मागं नं पाहता निंघून याचं.’

म्हणून विचारते. आयर्लंडातले जुने लोक यांना बोलावत होते, की माझ्या आजीसारखे सांभाळून राहत होते? आणि मुलगी जे करते, त्यातलं तिथलं किती?

जुनापाणी_रोड

ताई, मी शाळेत इतिहास शिकवायचो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आयरिश कथा हा माझा जुना नाद. तुमच्या आजीचा तो हात तिथल्या कुठल्याही म्हातारीने लगेच ओळखला असता.

तिथे यांना ‘ईस शी’ म्हणतात. ‘शी’ म्हणजे मातीचा उंचवटा, टेकाड. म्हणजे टेकाडातले लोक. रडून मृत्यूची खबर देणारी ‘बॅन शी’ म्हणजे टेकाडातली बाई. कथा अशी की तुआहा डे डानन नावाचे देवासारखे लोक आधी त्या भूमीवर राज्य करत होते. मग मिल नावाच्या पूर्वजाचे वंशज, म्हणजे माणसं, आले, लढाई झाली आणि वाटणी ठरली: जमिनीवरचं माणसांचं, जमिनीखालचं त्यांचं. ते खाली गेले, पण संपले नाहीत. तिथे त्यांचे महाल आहेत, घोडे आहेत, मेजवान्या चालतात. ते माणसाएवढे, देखणे आणि मानी. फुलपाखराचे पंख त्यांना फार नंतर मिळाले, ते इंग्लंडातल्या चित्रांनी आणि रंगमंचाने दिले.

अशा टेकाडांत आयर्लंडातलं न्यूग्रेंजचं टेकाड मला सगळ्यात प्रिय. ते इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराचं, म्हणजे या कथांहून कितीतरी जुनं. डिसेंबरात सर्वांत लहान दिवस असतो तेव्हा सकाळचं ऊन दारावरच्या झरोक्यातून पार आतल्या खोलीत शिरतं आणि साधारण १७ मिनिटं राहतं. ते इंगस या देवाचं घर मानतात. त्यानं ते ‘एक दिवस आणि एक रात्र’ राहायला मागून घेतलं, आणि परत मागितल्यावर म्हणाला, सगळा काळ दिवस आणि रात्र यांचाच तर बनला आहे!

आपल्याकडे काटोल रोडवर जुनापाणीला तीनशेच्या आसपास शिळावर्तुळं आहेत, लोहयुगातली दफनं. मी पोरांना तिथे न्यायचो. आपल्याआधी इथे कोणीतरी होतं, हे त्या दगडांत उभं राहिलं की पोटात जाणवतं. आयर्लंडच्या शेतकऱ्याला तसं रोज जाणवत असणार. तिथे शेतातल्या जुन्या गोल बांधांना ‘फेअरी फोर्ट’ म्हणतात, आणि नांगर त्यांना वळसा घालून जातो. क्लेअर परगण्यात लाटून इथे नव्या रस्त्याच्या आड हॉथॉर्नचं एकटं काटेरी झुडूप येत होतं, फेअरींचं मानलेलं. एडी लेनिहन या कथेकऱ्यानं १९९९ मध्ये आवाज उठवला आणि झुडूप वाचलं.

आता तुमचा मूळ प्रश्न. नाव घेणं त्यांनीही टाळलं. ‘भली माणसं’ म्हणायचे, रुसू नयेत म्हणून. दूधही ठेवायचे, पण ते शेजाऱ्याचा वाटा म्हणून. सॉविनच्या रात्री टेकाडं उघडतात, म्हणून शहाणी माणसं घरात राहायची. बोलावणं त्यांत नव्हतं.

आठ_सण

काकू, मी नागपूरचीच, सहा वर्षांपासून विक्का पाळते. काकांचं आयर्लंडबद्दलचं म्हणणं मान्य आहे. आमचा मार्ग नवा आहे, हे मी कोणापासून लपवत नाही. इंग्लंडात १९५१ साली चेटूकविरोधी कायदा रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांचं पुस्तक आलं, तिथून हा मार्ग लोकांपुढे आला. आठ सणांपैकी सॉविन, इम्बोल्क, बेल्टेन आणि लूनसा हे गेलिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या, पंचांगातले. बाकी चार अयनांचे आणि विषुवांचे. फेअरींना आमच्यातले बरेच जण निसर्गातल्या शक्ती मानतात: पृथ्वी, पाणी, वारा, अग्नी यांचे जीव. ती मांडणी सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्सस या वैद्याची, आयर्लंडची नव्हे. आमच्यात एक ग्रंथ नाही, एक गुरू नाही, त्यामुळे प्रत्येकाचं थोडं वेगळं.

पण एक गोष्ट तिला नक्की विचारा. आम्ही वर्तुळ आखून चार दिशांना बोलावतो, तसं शेवटी चारही दिशांना आभार मानून निरोप देतो. गणपतीची उत्तरपूजा केल्याशिवाय आपण मूर्ती हलवतो का? तिनं बोलावलं, निरोप दिला का?

मेडिकल_चौक

एक गोष्ट राहिली, ती सांगतोच. १८९५ मध्ये टिपररी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी आजारी पडली. नवऱ्याच्या मनानं घेतलं की खरी बायको फेअरींनी नेली आणि ही बदली ठेवलेली आहे. तिला बळजबरीने जडीबुटी पाजली आणि शेवटी जाळलं. नवरा तुरुंगात गेला. आपल्याकडेही डाकीण ठरवून बायकांना मारलंय. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच झाला नाही. पोरीनं वाटीत दूध ठेवावं, त्यात कुणाचं काही जात नाही. पण आजारी माणसाला बाहेरचं काही लागलं असं कोणी म्हणालं, की त्याला आधी दवाखान्यात न्यायचं, एवढं तिला आजच सांगा.

धरमपेठची_आई

सगळ्यांचे आभार. काल जेवताना तिला सगळं वाचून दाखवलं. ब्रिजेटचं ऐकून तिनं घास खाली ठेवला. दवाखान्याचंही बोलले, तिला पटलं.

निरोप तिनं दिला नव्हता. झोपण्याआधी खिडकीशी उभी राहिली आणि मराठीतच म्हणाली, ‘आलात तसे सुखाने जा.’ मी मागेच होते.

रविवारी काटोलला जातो आहोत. विहिरीवर आता जाळी आहे, बागेला पाणी बोअरचं येतं. दगड तिथेच आहेत, असं मामेभाऊ म्हणाला. हिरव्या बांगड्या आणल्यात. फक्त तिनं विचारलं, ‘मागे का नाही पाहायचं?’ आजीनं मला ते कधी सांगितलं नाही. काटोल-नरखेडकडच्या कुणाच्या घरी हे सांगत असतील तर लिहा.