‘यस, यस’ म्हणालो आणि फसलो

पुणेरी_पगार: लंडनच्या क्लायंटशी कॉल होता. तो बोलतोय, मी आपला सवयीने ‘यस, यस’ करतोय, म्हणजे आपलं ‘हं, हं’ असतं ना, तसं. त्याने धरून चाललं, शुक्रवारची तारीख मला मान्य! अशा वेळी म्हणायचं काय?

भाकरवडी: नुसतं ऐकत असाल तर ‘आय सी’. कळलं तर ‘गॉट इट’. पटलं तरच ‘अ‍ॅग्रीड’. तारीख निघाली की मात्र ‘जस्ट टु कन्फर्म’ म्हणून आपल्या शब्दांत परत सांगायची.

खडूस_काका: ‘आय हिअर यू’ला भुलू नका हो. ऐकलं, एवढंच! ‘फेअर इनफ’ म्हणजे ‘बरं, ठीके’.

पुणेरी_पगार: अरेरे! पगारवाढीवर साहेब तीनदा ‘आय हिअर यू’ म्हणाले. मी पेढे आणले काका.